चौथं बोट

हाळी गावच्या बैलबाजारात गलका म्हणजे काय विचारू नका. बैल हंबरतात, घुंगरांच्या माळा विकणारे त्या हलवून हलवून कान किटवतात, भजीवाला कढईवर झारा आपटतो आणि टेम्पोवाले एकमेकांना इतक्या आपुलकीनं शिव्या घालतात की सख्खे भाऊ वाटावेत. एवढ्या गलक्यात एकच गोष्ट कुणाच्या तोंडून बाहेर पडत नाही. किंमत!

किंमत रुमालाखाली ठरते. विकणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर खांद्यावरचा रुमाल पडतो आणि आत बोटं बोलायला लागतात. सगळी मूठ दाबली की लाख. मग त्याच्यावर जितकी बोटं धरली, तितके दहा हजार. वरती दोघांचे चेहरे असे, जणू एसटीची वाट बघत उभे आहेत. मग दलाल तोच रुमाल घेऊन घेणाऱ्याकडे जातो, तिथं पुन्हा तसंच. जमलं की रुमाल उडतो, हातावर हात पडतो आणि जनावराचं दावं या हातातून त्या हातात जातं. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही कळत नाही, जोडी कितीला गेली. ना कागद, ना साक्षीदार. जे काही आहे ते दलालाच्या हातात.

आणि त्या बाजारात हात म्हणजे उदगीरच्या बसवंत बिरादारांचा हात. तनुजाचे अप्पा.

तनुजा दहावीत होती. आठवीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला माईकसमोर ढकललं, आणि तिथं काय झालं कोण जाणे, तोंडाचं कुलूप जे निघालं ते निघालंच. आता परिपाठ तिचा, वक्तृत्व तिचं, रिक्षावाल्याशी भांडायचं तर तेही तिलाच बोलवायचे. सुट्टीच्या दिवशी तिनं हट्टच धरला, अप्पांबरोबर बाजारात येणार. सिंधु, तिची आई, म्हणाली, "बायामाणसाचं काय काम हाय तिथं?" तनुजा म्हणाली, "बैलांत गायी नसतात का?" आणि टेम्पोत जाऊन बसली.

त्या दिवशी नायगावकडचे रामकिशन आपली लालकंधारी जोडी घेऊन आले होते. शेंगदाण्याच्या टरफलासारखा तांबूस रंग, दोघांची शिंगं एका साच्यातली. अप्पांनी जोडीभोवती एक फेरी मारली, दात बघितले आणि मग त्यांची ती नेहमीची थाप. तळहाताची करंगळीखालची जाड गादी बैलाच्या पुठ्ठ्यावर अशी धाडकन बसायची की बघणाऱ्याला वाटावं, आता बैल पडतो. चांगला बैल हलत नाही, नुसती कातडी थरथरवतो. आतून दुखणं असलेला बैल मात्र एक पाऊल बाजूला टाकतो. तनुजाच्या जन्माच्या आधीपासून अप्पा अशा थापा मारत आले होते. बैल बोलत नाही म्हणून त्याला विचारायची ही त्यांची पद्धत.

मग रामकिशनच्या हातावर रुमाल पडला. तनुजा श्वास रोखून बघत राहिली. काहीच दिसत नव्हतं आणि म्हणूनच तिला ते जगातलं सगळ्यात भारी दृश्य वाटत होतं. अप्पांनी मान हलवली, निलंग्याकडच्या रविकांतकडे गेले, तिथं पुन्हा रुमाल. रविकांतनं आधी तोंड वाकडं केलं, मग हसू दाबलं. रुमाल उडाला. टाळी पडली. रविकांतनं कनवटीचे पैसे काढले आणि रामकिशनच्या पुढ्यात ठेवले.

रामकिशननी मोजले. पुन्हा मोजले.

"बसवंतराव, हे काय?"

"काय झालं?"

"मुठीवर चार बोटं दिली होती मी."

अप्पा हळूच म्हणाले, "तीन दिली तुमी."

"चार!" रामकिशननी आपला हात वर केला आणि भर बाजारात चार बोटं नाचवली. "मी काय शेंबडा पोरगा हाय का? चार धरली, करंगळीपासून! चौथं बोट कुठं गेलं? रविकांतच्या खिशात का तुमच्या?"

गर्दी व्हायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, होतं असं कधीकधी. दुसरा म्हणाला, बसवंतच्या हातून? कधीच होत न्हाई. आणि ही दुसरी गोष्टच अप्पांच्या अंगावर आली. ज्याचा हात चुकत नाही तो चुकला, तर तो चुकला नसणार, त्यानं केलं असणार.

तनुजाला राहवलं नाही. "माझे अप्पा खोटं बोलत नाहीत!" ती परिपाठाच्या आवाजात ओरडली. चिंचेखाली बांधलेली एक म्हैस दचकली.

"वकील सोबतच आणलाय की बसवंतअप्पा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

अप्पा मात्र एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही चारच दिली असतील म्हणाले नाहीत, मला तीनच लागली असंही पुन्हा म्हणाले नाहीत. रविकांतचे पैसे परत गेले, रामकिशन आपली जोडी घेऊन निघून गेले, आणि त्यानंतर दिवसभर अप्पा चिंचेखाली उभे राहिले. ओळखीचे लोक समोरून गेले, रामराम झाला. कुणाचाही रुमाल खांद्यावरून खाली आला नाही.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं. तनुजा समोर बसून अप्पांच्या हाताकडे बघत होती, कारण तिला आता त्या हाताचा राग आला होता. अप्पा भाकरी मोडत होते. अंगठा आणि पहिली दोन बोटं नीट काम करत होती. करंगळी मात्र बाकीच्यांपासून फटकून, रुसलेल्या सुनेसारखी बाजूला उभी. आमटीच्या गरम वाटीला ती टेकली तरी अप्पांनी बोट उचललं नाही.

"अप्पा, भाजतंय ना!"

अप्पांनी खाली बघितलं. मग बोट काढलं.

सिंधुच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कवापासून?" तिनं विचारलं.

अप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. उन्हाळ्यात एका देवणी गोऱ्ह्याचा कासरा तळहाताला गुंडाळून धरला होता, तो बुजला आणि त्यानं असा हिसका दिला की डोळ्यापुढं काजवे चमकले. तेव्हापासून करंगळीखाली ही गाठ. थंडीत करंगळी पांढरी पडायची. पुढं मुंग्या. आणि आता करंगळी अन् शेजारच्या बोटाची अर्धी बाजू मेल्यासारखी.

तनुजानं पटकन आपल्याच हातावर धरून बघितलं. पहिलं, मधलं आणि तिसऱ्याची इकडची बाजू. एवढंच कळत असेल, तर चार धरलेली तीनच वाटणार! "अप्पा! म्हणजे रामकिशनकाकांनी खरंच चार दिली आणि तुम्हाला खरंच तीन कळली! कुणीच खोटं नाही!" गणित सुटल्यासारखा तिला आनंद झाला. "उद्याच सगळ्यांना सांगू या!"

"गप," अप्पा म्हणाले.

"का पण? लोक चोर म्हणून राहिलेत तुम्हाला!"

"सांगितलं तर चोर न्हाई म्हणतील. हाव, खरं हाय. पण मग मुक्या हाताचा म्हणतील. चोराला एखाद्या साली माफी मिळती पोरी. मुक्या हातात बोट कोण देतंय?"



दुसऱ्या दिवशी सिंधुनं गल्लीतल्या साखराबाईंना बोलावलं. साखराबाई म्हणजे गाठींच्या तज्ज्ञ. मनगटावर टेंगूळ आलं की त्या त्यावर जुना तांब्याचा पैसा ठेवून चिंधीनं करकचून बांधायच्या, आणि गाठ आपोआप बसायची. निदान त्या तसं सांगायच्या.

"किती जणांच्या बसवल्या म्या," साखराबाई चिंधी ओढत म्हणाल्या, "तुमच्या भावजयीची तर अशी बसली की पुन्हा हुडकून सापडंना."

"आज्जी, लई आवळू नका," अप्पा म्हणाले.

"अगं बाई! एवढे बैल आवरता अन् चिंधीला भिता?"

साखराबाईंनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि उद्यापर्यंत सोडायचं नाही असं बजावून गेल्या. तनुजा शाळेतून आली तेव्हा अप्पा ओट्यावर हात मांडीवर घेऊन बसले होते. दुखतंय असं म्हणणारा माणूस नव्हे तो, पण ओठ दाताखाली होता. तनुजानं करंगळी बघितली. बोट निळसर झालं होतं, नखाखाली तर जांभळं.

तिनं विचारलंबिचारलं काही नाही, दातानं गाठ सोडली आणि चिंधी फेकून दिली. पैसा टणटणत गटारीत गेला. मग अप्पांचा हात हातात घेऊन ती त्या गाठीवर अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागली आणि एकदम थांबली.

गाठ उडत होती.

आधी तिला वाटलं, आपल्याच अंगठ्यातले ठोके. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं, अंगठ्यानं नाडी बघू नका, स्वतःचीच लागते. म्हणून तिनं मधलं बोट ठेवलं. टुक. टुक. टुक. दुसऱ्या हातानं अप्पांची मनगटाची नाडी धरली. दोन्ही एकाच तालात. 

"आई!" ती ओरडली. "ही गाठ नाही! गाठीला ठोके नसतात!"

आता इथं तनुजाचं थोडं कौतुक करायला हरकत नाही, पण जास्त नको, कारण ठोके कशाचे हे तिला काही माहीत नव्हतं. नुसतं एवढं कळलं होतं की जे जिवंत आहे त्याच्यावर पैसा बांधायचा नसतो.

उदगीरच्या डॉक्टरांनी आधी मान बघितली, मानेतून येणारी नस दबली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या, पण तनुजानं ठोक्यांचं सांगितल्यावर त्यांनी स्वतः बोट ठेवून बघितलं आणि गोळ्यांची चिठ्ठी परत मागून घेतली. "लातूरला जा," म्हणाले, "आणि यावर पुन्हा काही बांधू नका."

लातूरला डॉक्टर सौदामिनी होत्या. बारीक, चष्मा लावलेल्या, आणि बोलायला इतक्या हळू की तनुजाला पुढं वाकून ऐकावं लागायचं. त्यांनी पहिल्यांदा काही मशीन वगैरे काढलंच नाही. अप्पांना म्हणाल्या, मूठ घट्ट आवळा. मग त्यांच्या मनगटाच्या दोन्ही बाजू आपल्या अंगठ्यांनी दाबून धरल्या. "आता उघडा." तळहात चुन्यासारखा पांढरा. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बाजूचा दाब सोडला. तळहात भराभर लाल झाला. पुन्हा तसंच केलं, आणि या वेळी करंगळीच्या बाजूचा सोडला. 

तळहात पांढराच.

अप्पा, सिंधु आणि तनुजा, तिघंही बघत राहिले. बऱ्याच वेळानं, ओल उतरावी तसा, कुठं थोडा रंग आला.

"हाताला रक्त दोन वाटांनी येतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची एक वाट अडली आहे."

मग सोनोग्राफी. पडद्यावर लाल-निळे रंग वाहत होते. डॉक्टरांनी एका जागी बोट ठेवलं. नळी तिथं फुग्यासारखी फुगली होती आणि फुग्याच्या अर्ध्या भागात काळं काहीतरी साचलेलं. रक्ताची गुठळी.

"मनगटाच्या या बाजूला एक बारीक बोगदा असतो," डॉक्टरांनी स्वतःच्या हातावर दाखवलं. "त्यातून दोघी शेजारी शेजारी जातात. एक रक्ताची नळी आणि एक जाणिवेची नस. तुम्ही तळव्याची ही बाजू हातोड्यासारखी वापरत आलात. आतलं छोटं हाड ऐरणीसारखं, वरून तुमची थाप, मध्ये ही बिचारी नळी. वर्षानुवर्षं मार खाऊन ती कमजोर झाली, कासऱ्याच्या हिसक्यानं फुगली, आणि बोगद्यात जागा तर तेवढीच. मग ती शेजारणीला दाबणार नाही तर काय करेल?"

"म्हणजे नस चांगली हाय?" अप्पांनी विचारलं.

"नसेचा काहीच दोष नाही. नस दबते ते बघायची आम्हाला सवय आहे, पण दाबणारी रक्ताची नळी असेल असं फार क्वचित असतं. मी स्वतः फार थोड्या बघितल्यात. वरून कुणी साधी गाठ समजून चिरा दिला असता, तर अवघड झालं असतं." मग त्या तनुजाकडे वळल्या. "ठोके तू बघितलेस?"

"हो," तनुजा म्हणाली. "पण अंगठ्यानं नाही."

डॉक्टर सौदामिनींनी चिठ्ठी दिली आणि ऑपरेशन नांदेडला झालं. फुगलेला तुकडा काढून टाकला, आणि अप्पांच्याच पोटरीतली एक बारीक शीर घेऊन तिथं जोडली. सर्जन म्हणाले, रक्ताचं काम झालं, नसेवरचा दाब निघाला. पण नस जागी व्हायला तिचा वेळ घेते. किती होईल, पूर्ण की अर्धी, ते आज कुणी सांगू शकणार नाही. तंबाखू बंद. आणि थाप तर कायमची बंद.

"मग बैलाला विचारायचं कसं?" अप्पा म्हणाले. 

सर्जनना वाटलं, पेशंटला अजून भूल आहे.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत तनुजाचं एक भाषण तयार होत होतं. चिंचेखालच्या दगडावर उभं राहून ती ते म्हणणार होती. मान्यवर शेतकरी बांधवहो, इथपासून सुरुवात. मग बोगदा, मग दोन शेजारणी, मग माझे वडील निर्दोष आहेत. शेवटी सगळ्यांच्या माना खाली. तिनं ते आईला म्हणून दाखवलं. आई पुसलेला पेला पुन्हा पुसत म्हणाली, "ऐकायला बरं वाटलं गं. तुझ्या अप्पाला विचार."

अप्पांनी भाषण पूर्ण ऐकलं. मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "यात एक राहिलं."

"काय?"

"बघू."

टाके निघाले. सिंधु आधीच उदगीरला परत गेली होती. निघायच्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर तनुजा उदगीरची कंधारवरून जाणारी गाडी पकडायला धावली, तर अप्पांनी तिला मागं ओढलं. "ती नको. देगलूरची धर."

"अप्पा, ती लांबून जाते!"

"जाऊ दे लांबून. मधी नायगाव हाय."

तेव्हा तिला उमगलं. खिडकीशी बसून ती भाषणातले 'मान्यवर शेतकरी बांधवहो' काढून 'रामकिशनकाका' घालत होती.

नायगावपासून रिक्षानं पुढं गेले. रामकिशनचं घर रस्त्यालाच होतं. अंगणात लिंबाच्या झाडाला एक लालकंधारी कालवड बांधलेली, आणि तिच्यासमोर रामकिशन आणि त्यांचे शेजारी हरिओम दोघं मुकाट बसलेले. मुकाट का, ते कळलंच थोड्या वेळात. हरिओमला कालवड हवी होती, रामकिशनला द्यायची होती, पण बांधाला बांध लागून असलेल्या माणसानं शेजाऱ्याला तोंडावर भाव सांगायचा कसा? चार दिवस झाले, दोघं नुसते पाऊसपाण्याचं बोलून उठत होते.

रामकिशननी बसवंतांना बघितलं, हाताची पट्टी बघितली, आणि उठले नाहीत.

"काय हे? कुणी बडवलं का?"

"माझंच माझ्यानं," अप्पा म्हणाले आणि बाजेच्या कडेला टेकले. "पाणी तर सांगा."

पाणी आलं. तनुजाचं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात अप्पांनी चांगल्या हातानं तिच्या गुडघ्यावर हलकेच दाबलं. मग ते बोलायला लागले. बोगद्याचं सांगितलं, पण दोन वाक्यांत. शेजारणींचं नाही सांगितलं. म्हणाले, "तुमी चारच धरली होती. मला तीनच लागली. चौथं बोट मेलं होतं माझं."

रामकिशननी हनुवटी खाजवली. "म्हणजे तुमचा दोष न्हाई."

"आता ऐका ना पुढचं," अप्पा म्हणाले. "बोट मेलंय हे मला त्या दिवशी न्हाई कळलं. त्याच्या लई आधी कळलं होतं. कळूनसुद्धा मी रुमालाखाली हात घालून राहिलो. वाटलं, बाकीच्या बोटांवर निभंल. त्याच्या आधी कुणाकुणाचं एखादं बोट गेलं असंल माझ्या हातून, मला ठाऊक न्हाई. त्यांला बोलता आलं नसंल, तुमी बोलला. तुमी शिवी दिली ती जागेवर बसली, रामकिशनराव."

तनुजा बघतच राहिली. तिच्या भाषणात एक राहिलं होतं ते हे. ती इतके दिवस अप्पांना स्वच्छ धुऊन, इस्त्री करून उभं करायला निघाली होती, आणि अप्पा स्वतःच सुरकुती दाखवत बसले होते. तिला आधी राग आला. कशाला सांगायचं? कुणी विचारलं होतं? मग हळूहळू राग कुठंतरी उतरला आणि त्या जागी काय आलं, ते तिला नीट ओळखता आलं नाही. पण शाळेतल्या कुठल्याही बक्षिसानं तिला एवढं उंच वाटलं नव्हतं, हे खरं.

कालवडीनं शेपटी मारली.

मग रामकिशन उठले. खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि बसवंतांसमोर येऊन हात पुढं केला. "जोडी तर गेली धर्माबादच्या माणसाला. ही कालवड हाय. हरिओमला पाहिजे. तुमीच लावा भाव. हात आणा."

एवढं मोठं माप त्या अंगणात कुणी कुणाच्या पदरात घातलं नसेल. अप्पांनी त्या रुमालाकडे बघितलं. पट्टीतला उजवा हात थोडा उचलला. करंगळी अजून तशीच फटकून. ती त्यांनी अंगठ्यानं चाचपली, एकदा, दोनदा.

"काही लागतंय का?" रामकिशननी विचारलं.

"लागल्यासारखं वाटतंय. म्हणजे खात्री न्हाई."

"लागतंय म्हणा की. माझा इश्वास हाय."

"तुमचा हाय," अप्पा म्हणाले. "माझा न्हाई अजून." आणि त्यांनी तो हात मांडीवर परत ठेवला. "रुमाल खांद्यावर घ्या. तोंडानं सांगा."

"तोंडानं?" हरिओम दचकून म्हणाले. "इथं? ह्याच्यासमोर?"

"हाव. त्याच्यासमोर."

दोघे शेजारी एकमेकांकडे बघेनात. रामकिशन लाजल्यासारखे झाले, खाली वाकून अप्पांच्या कानाजवळ गेले आणि काहीतरी पुटपुटले. अप्पांनी मान डोलावली. कालवडीकडे बघितलं. उठून तिच्याजवळ गेले, डाव्या हातानं तिची पाठ चोळली, थाप मारली नाही. कान बघितले, कास बघितली, बराच वेळ नुसते उभे राहिले.

आता आकडा सांगायचा होता, आणि तिथंच गाडी अडली. या माणसानं उभ्या आयुष्यात किंमत तोंडानं सांगितली नव्हती. ओठ हलले, आवाज येईना. घसा खाकरला. मान लाल झाली. हरिओमना हसू फुटायला लागलं होतं, रामकिशन पायानं माती उकरत होते.

तनुजाला आकडा कळला होता. पुटपुटणं तिच्या बाजूनंच झालं होतं. तिच्या घशात तो आकडा अगदी जिभेपर्यंत आला, तिचा आवाज तर शिवारापर्यंत गेला असता, एका दमात काम झालं असतं. तिनं ओठ आत घेतले आणि दातांनी घट्ट धरले. 

अप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग हरिओमकडे. 

"अठ्ठावीस हजार," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला, वयात येणाऱ्या पोरासारखा. मग त्यांनी पुन्हा, नीट, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं, "अठ्ठावीस हजार म्हणतात रामकिशनराव. मला विचाराल तर सव्वीसची हाय. मागचा एक खूर वाढलाय."

"अहो बसवंतराव!" रामकिशन ओरडले. "तुमी माझ्या बाजूचे का त्याच्या?"

"कालवडीच्या," अप्पा म्हणाले.

हरिओम पोट धरून हसायला लागले. आतून रामकिशनच्या घरच्या मालकीणबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि काय झालं, काय झालं, म्हणून विचारायला लागल्या. कुणी सांगायच्या आत हरिओमनी पंचवीस म्हटलं, तेही मोठ्यानं. रामकिशन म्हणाले, पंचवीस तुझ्या घरी. आणि मग चार दिवस पाऊसपाण्यावर बोलणारे ते दोघं शेजारी असे काही भांडायला लागले की रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबली.

अप्पा बाजेवर येऊन बसले. कपाळाला घाम आला होता. त्यांनी डाव्या हातानं चहाचा कप घेतला आणि भांडण ऐकत हळूहळू प्यायला लागले.